कोर्टाची पायरी आणि चळवळीचे वकील

आपल्या मंडळाची स्मरणिका निघायची म्हटली की पाककृती, भरतकामाचे नमुने, जुन्या ओव्या आणि आरोग्याच्या चार सूचना हा मजकूर ठरलेला असतो. तो असावाच. परंतु यंदा चिटणीस बाईंनी मला बजावून सांगितले की, "तुम्ही इतिहासावर काही तरी लिहा." माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लेखणीपेक्षा उलथन्याची सवय जास्त. तरीही वाचनाची आवड असल्यामुळे आणि पुतणी पुण्याला वकिलीच्या शिक्षणाला गेल्यामुळे या विषयाची गोडी लागली. जे वाचले, ऐकले आणि समजून घेतले ते आपल्यापुढे ठेवते. गोड मानून घ्यावे.

इतिहास म्हटला की आपल्या हिरडस मावळात प्रथम आठवतात ते बाजीप्रभू आणि बांदलांची माणसे. आपली मुले शाळेत जाण्यापूर्वीच त्यांची नावे शिकतात. तो इतिहास तलवारीचा आहे. मी आज सांगणार आहे तो कागदाच्या लढाईचा, आणि ती लढाई दुबळ्यांच्या बाजूने लढणारे वकील कसे तयार झाले त्याचा.

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" ही म्हण आपल्या घराघरांत आहे. ती उगीच पडलेली नाही. इंग्रजी अंमलात कोर्टे आली, तेव्हा ती प्रथम सावकाराला उपयोगी पडली. रोखा सावकाराने लिहायचा, अंगठा शेतकऱ्याने उठवायचा, आणि फिर्याद झाली की शेतकरी कोर्टात हजरच नसायचा. मग एकतर्फी हुकूमनामा निघे आणि जमीन, बैल, भांडीकुंडी जप्त होत. शेवटी १२ मे १८७५ रोजी आपल्याच पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले. त्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. वह्या आणि रोखे बाहेर काढून त्यांनी त्यांची होळी केली. ज्याला वाचता येत नाही आणि ज्याच्या बाजूने वाचणारा कोणी नाही, तो कागद जाळण्याखेरीज दुसरे काय करणार? या दंग्यांमुळे १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला आणि रोख्यावर लिहिलेल्या आकड्यामागचा खरा व्यवहार पाहण्याचे काम कोर्टावर आले.

त्याच काळी पुण्यात गणेश वासुदेव जोशी नावाचे वकील होते. १८७० साली सार्वजनिक सभा स्थापन झाली, ती त्यांच्या पुढाकाराने, आणि लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणू लागले. गरिबांचे तंटे घरच्या घरी मिटावेत म्हणून त्यांनी लवाद कोर्टांचा पुरस्कार केला. वासुदेव बळवंत फडके यांच्यावर १८७९ साली खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र घेण्याची हिंमत कोणी करीना. त्या वेळी काका पुढे झाले. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी पुण्यात स्त्रियांची विचारवती सभा काढली होती, हेही आपण विसरू नये. आपल्या मंडळासारख्या मंडळांची ती आजीच म्हणावी.

काका मोठे, पण एकटे होते. त्यांच्यासारखे दहा वकील तयार करावेत अशी शाळा तेव्हा नव्हती. एक चांगला वकील मिळणे हे नशीब. चांगले वकील मिळत राहणे ही व्यवस्था. नशिबापासून व्यवस्थेपर्यंत यायला आपल्याकडे शंभर वर्षे लागली.

मध्यंतरी रखमाबाईंचा खटला गाजला. अकराव्या वर्षी झालेल्या लग्नाच्या नवऱ्याने १८८४ साली मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला की, बायकोने नांदायला यावे. पहिला निकाल बाईंच्या बाजूने लागला. अपिलानंतर तो फिरला, आणि १८८७ साली कोर्टाने सांगितले की नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई तुरुंगात जायला तयार झाल्या. त्यांच्या पाठीशी एक समिती उभी राहिली, तिने पैसा आणि लोकमत गोळा केले. १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, आणि पुढे त्या विलायतेत शिकून डॉक्टर होऊन आल्या. खटल्यामागे चार माणसे उभी राहिली म्हणजे काय होते, याचे हे जुने उदाहरण आहे.

आता आपल्या घाटाखालची गोष्ट. हिर्डोशीवरून वरंधा घाट उतरला की महाड. तेथील चवदार तळे आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिले असेल. मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली बोले यांचा ठराव झाला की, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे खुले केल्याचे ठरवले. ठराव वहीत राहिला आणि पाणी तळ्यात राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसे तळ्यावर गेली व त्यांनी पाणी प्राशन केले. हे सर्वांना माहीत आहे. त्यानंतर कोर्टात काय घडले, ते मात्र थोड्यांना माहीत असते.

त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. तेव्हा महाडच्या काही सवर्ण मंडळींनी दिवाणी दावा लावला. तळे आमचे खासगी आहे, अस्पृश्यांनी तेथे न यायचे ही पुरातन वहिवाट आहे, असे त्यांचे म्हणणे. कोर्टाने १४ डिसेंबर रोजी तात्पुरता मनाई हुकूम दिला. हजारो सत्याग्रही जमले होते, तुरुंगात जायची तयारी होती. पण त्यांचा पुढारी स्वतः बॅरिस्टर होता. सरकारशी नव्हे, तर वहिवाटीशी आपले भांडण आहे. कोर्टात ते जिंकता येईल, तर हुकूम मोडून आपली बाजू दुबळी का करावी, हा विचार त्यांनी लोकांना समजावून दिला. लोकांनी तळ्याभोवती शिस्तीने मिरवणूक काढली आणि पाण्याला हात लावला नाही. संतापलेल्या हजारो माणसांना थांबवणे हे पाण्यात उतरण्याइतकेच कठीण असले पाहिजे.

पुढे दावा चालला. १९३१ साली महाडच्या कोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला, १९३३ साली ठाण्याच्या कोर्टात अपील फेटाळले गेले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने शेवटचा शब्द दिला. तळे नगरपालिकेचे ठरले, आणि वहिवाट अनादी काळापासूनची आहे हे फिर्यादींना सिद्ध करता आले नाही. भगिनींनो, यातला कायद्याचा बारकावा लक्षात घ्या. "पूर्वीपासून असेच चालत आले आहे" हे वाक्य आपल्याला दिवसातून दहा वेळा ऐकायला मिळते. कोर्टात तेवढ्याने भागत नाही. पूर्वीपासून म्हणजे कधीपासून, आणि पुरावा काय, हे विचारावे लागते. ते विचारणारा वकील हवा.

याच बाबासाहेबांनी १९२६ साली पुण्यात 'देशाचे दुश्मन' या पुस्तकाच्या खटल्यात दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे वगैरेंना अपिलात सोडवले होते. जेधे म्हणजे आपल्या तालुक्यातील कारीचे घराणे. पुढे १९३५ साली बाबासाहेब मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. म्हणजे ते स्वतः लढलेही आणि त्यांनी शिकवलेही.

त्याच सुमारास सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत काय चालले होते ते सांगण्याजोगे आहे. तेथील काळ्या लोकांना गोऱ्यांच्या शाळेत, गाडीत, खाणावळीत जागा नसे. वॉशिंग्टन शहरात हॉवर्ड नावाचे काळ्या विद्यार्थ्यांचे विद्यापीठ आहे. चार्ल्स ह्यूस्टन नावाच्या वकिलांनी १९२९ पासून तेथील कायद्याच्या शाळेचा कारभार हाती घेतला. रात्रीची शाळा त्यांनी पूर्ण दिवसाची केली, शिस्त कडक केली आणि आपल्या लोकांचा खटला लढवण्यासाठीच वकील घडवायचे असा नेम धरला. ते गावोगाव जाऊन गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळांची चित्रे घेत, म्हणजे डोळ्यांना दिसणारा पुरावा तयार होई. त्यांचे एक शिष्य थर्गुड मार्शल १९३३ साली वकील झाले. १९५४ साली याच मार्शल यांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात शाळांचा तो प्रसिद्ध खटला जिंकला, आणि वर्णावरून वेगळ्या शाळा ठेवणे बेकायदा ठरले. निकाल ऐकायला गुरू हयात नव्हते, ते १९५० सालीच वारले. दही लावणारा एक आणि ताक पिणारे दुसरे, असे या कामात नेहमीच होते.

आपल्याकडे स्वराज्य आले, राज्यघटना आली. भोरचे संस्थान १९४८ साली विलीन झाले आणि आपणही त्या घटनेच्या छायेत आलो. कायदे भराभर झाले. कूळकायदा झाला, १ एप्रिल १९५७ पासून कसणारा तो मालक असे ठरले. ज्याला कोणी समजावून सांगितले त्याचे नाव लागले. ज्याला कळले नाही तो पूर्वीसारखाच राहिला. गरिबाला फुकट वकील मिळावा ही गोष्ट घटनेत कलम ३९-अ म्हणून आली ती १९७६ साली. त्यासाठीचा कायदा १९८७ साली झाला आणि अंमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ रोजी. पंगत मांडून झाल्यावर वाढपी यायला इतकी वर्षे लागली.

सरकारची वाट न पाहता मधल्या काळात काही वकील स्वतःहून एकत्र आले, आणि माझ्या लेखाचा खरा विषय तोच आहे. त्याची सुरुवात आपल्या महाराष्ट्रातल्या एका अतिशय दुःखद खटल्याने झाली. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका गरीब आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची फिर्याद होती. त्याला मथुरा खटला म्हणतात. खालच्या कोर्टाने पोलिसांना सोडले, नागपूरच्या हायकोर्टाने १९७६ साली शिक्षा दिली, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. कारण काय, तर मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, म्हणून तिची संमती असावी!

हा निकाल वाचून कायदा शिकवणाऱ्या चार प्राध्यापकांनी १६ सप्टेंबर १९७९ रोजी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि तेव्हा पुण्याला विद्यापीठात शिकवणाऱ्या वसुधा धागमवार. ठाण्यात वर्दीतल्या माणसापुढे उभी असलेली मजूर मुलगी ओरडली नाही, याचा अर्थ ती राजी होती असा कसा घेता, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. पत्र छापले गेले, हातोहात फिरले. मुंबईत बायकांचा मंच उभा राहिला, ८ मार्च १९८० रोजी ठिकठिकाणी मोर्चे निघाले. त्या मुलीचा निकाल काही फिरला नाही. पण १९८३ साली कायदा फिरला. पोलिसांच्या ताब्यात असताना असे घडले, आणि बाईने माझी संमती नव्हती म्हटले, तर कोर्टाने तिचे म्हणणे धरून चालायचे. उलट सिद्ध करायचे ओझे आरोपीवर. खटला बंद दाराआड चालवायचा आणि तिचे नाव छापायचे नाही, हेही तेव्हाच ठरले.

पुढच्या दहा-बारा वर्षांत संस्था निघत गेल्या. १९८१ साली मुंबईत इंदिरा जयसिंग आणि आनंद ग्रोवर यांनी लॉयर्स कलेक्टिव्ह ही वकिलांची संस्था काढली. १९८५ साली वसुधाताई धागमवारांनी दिल्लीत मार्ग नावाची संस्था सुरू केली. १९८९ साली मुंबईत कॉलिन गोन्साल्विस यांच्या पुढाकाराने ह्यूमन राइट्स लॉ नेटवर्क उभे राहिले. हे गृहस्थ मूळचे इंजिनिअर; गिरणी कामगारांच्या लढ्यात पडून वकील झाले. आणि १९९० च्या सुमारास फ्लाविया ॲग्नेस यांच्या मजलिस या संस्थेचे काम सुरू झाले. फ्लावियाबाईंची कहाणी आपल्यासारखीच्या काळजाला भिडेल. लहान वयात लग्न, घरात मारहाण, मुले पदरात. त्या घरातून बाहेर पडल्या, शिकल्या आणि मोठ्या वयात वकील झाल्या. मजलिसने जिल्ह्याच्या कोर्टांत उभ्या राहणाऱ्या तरुण वकील मुलींना हाताशी धरून तयार केले, कारण मुंबईचा वकील रोज भंडाऱ्याला किंवा बीडला येऊ शकत नाही.

या संस्था नव्या वकिलांना शिकवतात तरी काय? कायदा तर कॉलेजात शिकवतातच. पुतणीला विचारून मी समजून घेतले ते असे. पहिली गोष्ट म्हणजे ऐकणे. बाई आपले दुःख तारीखवार सांगत नाही. ती मधूनच सुरू करते, मध्येच रडते, मुख्य गोष्ट शेवटी उंबऱ्यात उभी राहून सांगते. तेवढा वेळ बसायला शिकावे लागते. दुसरी, गावात जाणे, तलाठ्याकडचे उतारे, पंचनामे, दवाखान्याचे कागद स्वतः पाहणे. तिसरी, अशिलाला त्याच्या भाषेत खरे सांगणे, जिंकण्याची खात्री नसेल तर तसेही सांगणे. चौथी, एका माणसाच्या खटल्यात शंभर माणसांचा प्रश्न कोठे आहे ते ओळखणे. आणि पाचवी, आपण वकील आहोत, पुढारी नव्हे, हे ध्यानात ठेवणे. लढा लोकांचा, वकिलाने त्याला वाट काढून द्यायची.

याच्या उलट काय असते तेही सांगते. माझ्या मावशीचा वाटणीचा दावा सात वर्षे चालला. तिच्या वकिलाने कोऱ्या कागदांवर अंगठे घेऊन ठेवले होते. दर तारखेला ती एस.टी.ने जायची, बाकावर बसायची आणि पुढची तारीख घेऊन यायची. अर्जात काय लिहिले आहे, हे तिला एकदाही कोणी वाचून दाखवले नाही. शेवटी तडजोड झाल्याचे तिला कळले ते शेजारणीकडून. मावशी अडाणी होती, पण मुकी नव्हती. तिला कोणी विचारलेच नाही.

या वकिलांच्या हाती एक नवे साधन आले, ते जनहित याचिकेचे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यासाठी दुसऱ्या कोणी कोर्टात जावे, प्रसंगी साधे पत्रही याचिका म्हणून घ्यावे, असे १९७९ च्या पुढे सर्वोच्च न्यायालयाने मानले. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगातल्या पंधरा बायकांशी बोलून न्यायालयाला पत्र लिहिले. त्यांतल्या पाचजणींनी कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले होते. १९८३ साली निकाल लागला की, बायकांची कोठडी वेगळी असावी, तेथे बायकाच पहारेकरी असाव्यात आणि अटक झाल्याबरोबर विधी साहाय्य समितीला कळवावे. एका पत्राने एवढे काम केले.

मुंबईच्या फुटपाथवरील झोपडीवाल्यांना १९८१ च्या पावसाळ्यात हाकलण्याचा हुकूम निघाला, तेव्हा लॉयर्स कलेक्टिव्ह त्यांच्या बाजूने उभे राहिले. १९८५ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो. वाक्य सोन्याचे. पण त्याच निकालाने नोटीस देऊन झोपड्या काढायला परवानगीही दिली. पुष्कळांच्या डोक्यावरचे छप्पर गेलेच. म्हणून मी म्हणते की, कोर्टात जिंकलेले घरी पोचेलच असे नाही. ते पोचवायला गावात माणसे लागतात.

काही जिंकलेले मात्र घरोघर पोचले आहे. आपल्या शाळेत दुपारी मुलांच्या ताटात शिजवलेले अन्न पडते. पूर्वी महिन्याचे तीन किलो धान्य घरी देत. २००१ साली अन्नाच्या हक्काची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली, गोन्साल्विस यांनी ती चालवली, आणि २८ नोव्हेंबर २००१ रोजी हुकूम झाला की सरकारी प्राथमिक शाळांत शिजवलेलेच अन्न द्यावे. घरातील मारहाणीविरुद्धच्या कायद्याचा मसुदा करण्यात इंदिरा जयसिंग यांच्या संस्थेने मोठा वाटा उचलला. तो कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असले तरी बाईला त्या घरात राहण्याचा हक्क त्याने दिला. ग्रामीण भागातील टाकलेल्या स्त्रियांचा प्रश्न संगमनेरला १९८८ सालच्या परिषदेत मांडला गेला, त्यात वकील निशा शिवूरकर पुढे होत्या. शहराबाहेरही असे वकील असतात, हे सांगण्यासाठी हे उदाहरण दिले.

आता आपल्या खोऱ्याकडे वळते. धरण हा आपल्या भागाचा जुना सोबती. भाटघरचे धरण इंग्रजी अंमलातले. शेजारच्या मुळशी पेट्यात १९२१ साली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, सेनापती बापट आणि मावळे, त्यांच्या बायकासुद्धा, तुरुंगात गेल्या. चळवळ जिवंत होती, परंतु १८९४ चा भूसंपादन कायदा सर्वस्वी दुसऱ्या बाजूचा होता, आणि गावे पाण्याखाली गेली. कोयनेचे लोक १९६० च्या आसपास उठले, तेव्हाही पुनर्वसनाचा कायदा नव्हताच. "आधी पुनर्वसन, मग धरण" म्हणत धरणग्रस्त संघटित झाले. बाबा आढावांसारखी माणसे त्यांच्यात होती. त्यातून १९७६ साली महाराष्ट्राने पुनर्वसनाचा कायदा केला. पुढे १९८६ आणि १९९९ साली तो नव्याने झाला. ज्यांची शेते धरणाच्या पाण्याने भिजणार त्यांच्यातली जमीन बुडणाऱ्याला द्यायची, हे त्याचे सार. पण अट अशी की, जमीन हवी असेल तर मुदतीत अर्ज करायचा आणि मोबदल्यातील ६५ टक्के रक्कम भरायची. ही अट वेळेवर ज्याला कळली नाही, त्याचा मोबदला घरखर्चात आणि लग्नकार्यात केव्हा संपला ते त्यालाही समजत नाही.

आपल्या नीरेवर देवघरला धरण झाले आणि खालची भातखाचरे पाण्यात गेली, ते आपण पाहतोच आहोत. येथे वसुधाताईंच्या संस्थेचे एक काम मुद्दाम आठवते. नर्मदेवरील सरदार सरोवरात बुडणाऱ्या मध्य प्रदेशातील गावांत त्यांची माणसे गेली, आणि त्यांनी एकच साधा प्रश्न लोकांना विचारला, तुम्हांला काय माहीत आहे? कोणते गाव बुडणार, केव्हा, बदल्यात काय मिळणार, यांतले फारच थोडे लोकांना ठाऊक होते. ते त्यांनी छापून प्रसिद्ध केले. खटल्याच्या आधीचे काम हे असे असते. असा प्रश्न घेऊन आपल्या दारात कोणी येण्याची वाट न पाहता तो आपणच एकमेकींना विचारला पाहिजे.

त्यातही बाईचे आणखी वेगळे. नोटीस येते ती सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याच्या नावाने. महाराष्ट्राने १९९४ साली आणि सबंध देशाने २००५ साली वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका वाटा दिला. पण भाऊबीजेच्या ओवाळणीला भुलून आपण हक्कसोडपत्रावर सही करतो, आणि पुढे जमीन संपादनात गेली की मोबदल्याच्या यादीत आपण नसतो. माहेर तुटावे असे मी म्हणत नाही. सही करण्यापूर्वी कागद वाचून घ्यावा, एवढेच म्हणते. वाचून, समजून जो वाटा सोडला ते दान. न वाचता गेला तो तोटा.

तेव्हा "कोर्टाची पायरी चढू नये" ही म्हण मला अर्धी वाटते. एकट्याने, अंधारात, कोऱ्या कागदावर अंगठा देऊन चढू नये, हे खरे. पण सुप्यापासून महाडपर्यंत आणि देसाईगंजपासून मुंबईच्या फुटपाथपर्यंत जे जे थोडे मिळाले, ते लोक एकत्र उभे राहिले आणि त्यांच्या बरोबर शिकलेला, आपल्यातला वकील होता म्हणून मिळाले. नुसती चळवळ मुळशीला थकली. नुसता कायदा कूळकायद्यासारखा वहीत राहिला. दोघांची गाठ पडावी लागते, आणि ती कोणी तरी मुद्दाम घालून द्यावी लागते.

मंडळापुढे माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, प्रत्येक घरात एक पत्र्याची पेटी कागदांसाठी असावी. सातबारा, आठ-अ, नोटिसा, पावत्या, दवाखान्याचे कागद त्यात तारखेप्रमाणे लावावेत, आणि ती पेटी कोठे आहे हे घरातल्या बाईला ठाऊक असावे. दुसरी, तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, आणि बाईला उत्पन्नाची अट न लावता फुकट वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते. त्यांच्या स्वयंसेवकाच्या शिक्षणासाठी आपल्या मंडळाने दोन सभासद पाठवाव्यात. वकील होण्याची गरज नाही. अर्ज लिहिता आला आणि बरोबर जाऊन बाकावर बसता आले तरी माझ्या मावशीसारख्या बाईला केवढा आधार होईल. तिसरी, आपल्या खोऱ्यातील एखादी मुलगी वकिलीचे शिक्षण घेऊ म्हणाली, तर मंडळाच्या शिलकेतून तिच्या पुस्तकांना हातभार लावावा. अट एकच घालावी. सनद मिळाल्यावर महिन्यातून एक दिवस तिने हिर्डोशीला येऊन देवळाच्या ओसरीवर बसावे, आणि आपण आपले कागद घेऊन तिच्यासमोर जावे.

हा ठराव वर्धापनदिनाच्या सभेत मी मांडणार आहे. अनुमोदनाला कोणी तरी उभे राहा, एवढी विनंती करून लेख पुरा करते.

— एक सभासद भगिनी, हिर्डोशी